१५ जानेवारी १९९०: कॉल जोडणाऱ्या संदेशांनीच नेटवर्क पाडलं तेव्हा

सोमवार होता आणि मार्टिन ल्यूथर किंग यांच्या स्मरणार्थ अमेरिकेत सुट्टी होती. दुपारी अडीचच्या सुमारास एटी अँड टी कंपनीच्या न्यूयॉर्कमधल्या एका लांब पल्ल्याच्या एक्सचेंजमध्ये हार्डवेअरची किरकोळ कुरबुर झाली. यंत्राने नेमून दिल्याप्रमाणे चार-सहा सेकंद नवे कॉल घेणं थांबवलं, स्वतःला सावरलं आणि ते पुन्हा कामाला लागलं. अशा कुरबुरी नेहमीच्या होत्या. फोन करणाऱ्याला त्यांचा पत्ताही लागत नसे.

या वेळी मात्र थोड्याच वेळात न्यू जर्सीतल्या बेडमिन्स्टर इथल्या नियंत्रण केंद्रात भिंतभर लावलेल्या पडद्यांवर धोक्याच्या खुणा पसरू लागल्या. एटी अँड टीची लांब पल्ल्याची ११४ एक्सचेंजेस देशभर होती. ती एकामागून एक सिग्नलिंगपासून, म्हणजे एक्सचेंजेसमधल्या निरोपांच्या देवाणघेवाणीपासून, तुटत होती, परत जोडली जात होती आणि पुन्हा तुटत होती. रात्री साडेअकरापर्यंत, म्हणजे सुमारे नऊ तास, हे चाललं. त्या काळात कंपनीच्या नेटवर्कवरचे निम्म्याच्या आसपास कॉल लागलेच नाहीत. हॉटेलं आणि विमान कंपन्यांची आरक्षणं तेव्हा फोनवरच चालत, त्यांचा दिवस वाया गेला. बुडालेल्या महसुलाचा अंदाज सहा कोटी डॉलरच्या घरात होता.

कुठेही केबल तुटली नव्हती. आग नव्हती, पूर नव्हता. हॅकर्सचा संशय लगेच घेतला गेला, तोही खोटा निघाला. कॉलची गर्दीही नव्हती, सुट्टीमुळे त्या दिवशी नेहमीच्या सोमवारपेक्षा कमीच कॉल होत होते. नेटवर्कमध्ये फिरत होते ते अगदी नेहमीचे, व्याकरणशुद्ध, बरोबर पत्त्यावर जाणारे संदेश. त्यांनीच एक्सचेंजेस पाडली. हे कसं घडलं ते समजायला आधी कॉल जोडला कसा जातो आणि तोडला कसा जातो ते पाहावं लागतं. या प्रकरणाच्या बहुतेक वर्णनांत हा भाग दोन ओळींत उरकून थेट प्रोग्राममधल्या चुकीवर उडी मारलेली असते. माझ्या मते खरी गोष्ट या भागातच आहे.

आवाज एका वाटेने, निरोप दुसऱ्या

जुन्या नेटवर्कमध्ये दोन एक्सचेंजेस एकमेकांशी बोलत ती त्याच तारेवरून, जिच्यावरून नंतर माणसं बोलणार असत. दोन एक्सचेंजेसना जोडणारी ही तार, म्हणजे ट्रंक, रिकामी आहे याची खूण म्हणून तिच्यावर २६०० हर्ट्झचा सूर वाजत ठेवलेला असे. तो थांबला की पलीकडच्याने समजायचं, कॉल येतोय. मग ठराविक सुरांच्या जोड्यांनी आकडे कळवले जात. यात दोन दुखणी होती. एक म्हणजे वेळ जायचा, आणि पलीकडचा फोन एंगेज असला तरी तिथपर्यंतची संपूर्ण वाट अडवूनच ते कळायचं. दुसरं म्हणजे हे सूर ग्राहकालाही वाजवता येत. १९६० आणि ७० च्या दशकांत 'ब्लू बॉक्स' नावाची खोकी बनवून फुकट कॉल करणाऱ्यांची एक पिढीच अमेरिकेत तयार झाली. न्याहारीच्या धान्याच्या खोक्यातून मिळणारी खेळण्यातली शिट्टी बरोबर २६०० हर्ट्झवर वाजते, हा शोध त्याच मंडळींचा.

यावर उपाय निघाला तो निरोपांची वाट वेगळी करण्याचा. शिकागोत जानेवारी १९७६ मध्ये पहिलं फोर-ईएसएस एक्सचेंज सुरू झालं. आवाजाचे अंक करून ते वेळेच्या कप्प्यांत फिरवणारं हे यंत्र होतं. सुरुवातीला सांगितलेली ११४ एक्सचेंजेस याच जातीची. त्याच वर्षी एटी अँड टीने एक्सचेंजेसमधले निरोप स्वतंत्र डेटा लिंकवरून पाठवायला सुरुवात केली. पुढे सिग्नलिंग सिस्टिम क्रमांक ७, म्हणजे एसएस७, हे आंतरराष्ट्रीय मानक १९८० मध्ये आलं आणि १९८४ व १९८८ मध्ये सुधारलं गेलं. १९९० पर्यंत एटी अँड टीच्या स्वतःच्या एक्सचेंजेसमध्ये हीच भाषा चालू होती. स्थानिक कंपन्यांशी जोडणाऱ्या बऱ्याच ट्रंकांवर मात्र जुने सूर अजून वाजत होते.

या व्यवस्थेत आवाजाच्या हजारो ट्रंका एकीकडे, आणि सेकंदाला ५६ हजार बिट वाहून नेणाऱ्या मोजक्या सिग्नलिंग लिंक दुसरीकडे. लिंक थेट शेजाऱ्याकडे जात नाहीत. त्या जातात सिग्नल ट्रान्सफर पॉइंटकडे. तिथे आवाज येतच नाही, फक्त निरोपांवरचे पत्ते वाचून ते पुढे ढकलले जातात. हे पॉइंट नेहमी जोडीने असतात, एक पडला तर दुसरा पूर्ण भार घेतो.

एक कॉल, पाच संदेश

शिकागोतल्या कुणीतरी न्यूयॉर्कचा नंबर फिरवला असं धरू. स्थानिक एक्सचेंजने तो एटी अँड टीच्या शिकागो एक्सचेंजकडे सोपवला. शिकागोने न्यूयॉर्ककडे जाणारी एक रिकामी ट्रंक निवडली, आपल्या बाजूने ती राखून ठेवली आणि एक संदेश तयार केला: इनिशियल अॅड्रेस मेसेज, बोलीभाषेत आयएएम. त्यात निवडलेल्या सर्किटचा, म्हणजे त्या ट्रंकेचा, क्रमांक असतो, ज्याला फोन करायचा त्याचा पूर्ण नंबर असतो, वाटेत उपग्रह आहे का, फोन करणारा साधा ग्राहक आहे की ऑपरेटर, अशी बारीकसारीक माहिती असते. हा संदेश लिंकवरून सुटतो तेव्हा आवाजाच्या वाटेवर अजून काहीच वाहत नसतं.

न्यूयॉर्कला आयएएम मिळाला की तेही तेच सर्किट आपल्या बाजूने राखतं आणि कॉल पुढच्या स्थानिक एक्सचेंजकडे नेतं. नंबर पूर्ण आहे, फोन मोकळा आहे, रिंग द्यायला सुरुवात झाली, हे कळलं की उलट दिशेने येतो अॅड्रेस कम्प्लीट मेसेज, म्हणजे एसीएम. आपल्या कानात जी 'ट्रिंग ट्रिंग' ऐकू येते ती पलीकडच्या घरातल्या घंटेचा आवाज नव्हे. पलीकडच्या एक्सचेंजने आवाजाच्या वाटेवर सोडलेला तो एक वेगळा सूर असतो.

पलीकडे रिसीव्हर उचलला की आन्सर मेसेज, एएनएम. बिलाचं घड्याळ इथे सुरू होतं. आपल्याकडच्या एसटीडी बूथमध्ये लाल आकड्यांच्या मीटरवर पैसे धावायला लागायचे ते समोरच्याने फोन उचलल्यावर, रिंग वाजत असताना नव्हे. मीटरपर्यंत ती खूण तारेवरून वेगळ्या रीतीने पोचायची, पण तिचा उगम याच 'उचलला' नावाच्या घटनेत असायचा.

बोलणं संपलं की ज्याच्या बाजूने कॉल सोडला जातो ते एक्सचेंज रिलीज पाठवतं, आरईएल. त्यात कारणाचा आकडा असतो: १६ म्हणजे नेहमीसारखं बोलणं संपलं, १७ म्हणजे समोरचा फोन एंगेज, ३४ म्हणजे पुढे जायला सर्किटच मोकळं नाही. म्हणजे आरईएल हा बोलणं संपल्यावरचाच संदेश नाही, कॉल मुळात लागला नाही तर तेही तोच सांगतो. आणि 'एंगेज' हे कळवायला आता आवाजाची वाट अडवून ठेवावी लागत नाही. १७ क्रमांकाचा निरोप मागे येतो, सगळी सर्किटं सुटतात आणि एंगेज टोन फोन करणाऱ्याचं स्वतःचंच एक्सचेंज वाजवतं.

आरईएल मिळालं की उत्तरादाखल रिलीज कम्प्लीट, आरएलसी. हा पाचवा संदेश वरवर औपचारिक वाटतो, पण सर्वांत जास्त काळजी त्याचीच घेतलेली आहे. आरएलसी येईपर्यंत सर्किट कुणालाही द्यायचं नाही. ठरलेल्या वेळात तो आला नाही तर आरईएल पुन्हा पाठवायचं, पुन्हा पाठवत राहायचं. तरीही उत्तर नाही मिळालं तर 'हे सर्किट रीसेट कर' असा संदेश द्यायचा आणि देखभाल करणाऱ्यांना अलार्म. इतकं का? कारण एका बाजूला सर्किट रिकामं आणि दुसऱ्या बाजूला तेच भरलेलं, अशी नोंद राहिली की पुढचा कॉल कुणाच्या तरी जुन्या कॉलवर जाऊन आदळतो. आणखी एक बारकावा आहे. काही नेटवर्कमध्ये फोन घेणाऱ्याने रिसीव्हर ठेवला की लगेच आरईएल जात नाही, आधी 'थांबलाय' असा सस्पेंड संदेश जातो आणि थोडा वेळ वाट पाहिली जाते. हॉलमधला फोन ठेवून आतल्या खोलीतला उचलला तरी बोलणं चालू राहायचं ते या सवलतीमुळे.

एवढ्यावरून एक गोष्ट ध्यानात घ्यायची. डिजिटल नेटवर्कमध्ये कॉल म्हणजे दोन एक्सचेंजेसच्या मेमरीतल्या जुळणाऱ्या नोंदी. जोडणं म्हणजे दोन्हीकडे सारखी नोंद करणं, तोडणं म्हणजे दोन्हीकडची ती पुसणं. संदेश हे त्या नोंदी जुळत्या ठेवण्याचं साधन आहे.

शेजाऱ्यांची नोंदवही

एक्सचेंज कॉलच्या नोंदी ठेवतं तशाच शेजाऱ्यांच्याही ठेवतं. कुणाकडे सध्या कॉल पाठवता येतील, कुणाकडे नाही, याचा एक तक्ता असतो. फोर-ईएसएसमध्ये हा तक्ता सांभाळण्याचं काम त्याला सिग्नलिंग नेटवर्कशी जोडणाऱ्या एका स्वतंत्र प्रोसेसरकडे होतं. त्याचं नाव डायरेक्ट लिंक नोड, डीएलएन. महत्त्वाचा म्हणून तोही जोडीने बसवलेला.

त्या सोमवारी न्यूयॉर्कने सावरायला सुरुवात करताच शेजाऱ्यांना निरोप गेला की थोडा वेळ माझ्याकडे नवे कॉल पाठवू नका. प्रत्येक शेजाऱ्याच्या डीएलएनने तक्त्यात तशी खूण केली. इथपर्यंत सगळं ठीक. काही सेकंदांनी न्यूयॉर्क परतलं. परतल्याचं कसं सांगायचं? या व्यवस्थेत त्याने थेट कॉल पाठवायला सुरुवात केली. शेजाऱ्यांकडे न्यूयॉर्कहून आयएएम येऊ लागले की त्यांनी समजून घ्यायचं: ज्याअर्थी हा कॉल पाठवतोय त्याअर्थी हा परत आला, तक्त्यातली खूण काढा. 'आलोच' म्हणून उठून गेलेला माणूस परत येऊन 'आलो' न म्हणता एकदम मधूनच बोलायला लागतो, तसं हे.

तार्किकदृष्ट्या यात चूक काढता येणार नाही. पण इथे आयएएमवर दोन कामं पडली. एक, त्याचं जन्मजात काम, म्हणजे सर्किट राखून नंबर कळवणं. दुसरं, पाठवणारा जिवंत असल्याची ग्वाही. पहिलं काम सेकंदाला कितीतरी वेळा होतं आणि प्रत्येक संदेश स्वतंत्र असतो. दुसरं काम क्वचित होतं आणि त्यासाठी सामाईक तक्ता बदलावा लागतो. क्वचित होणारं नाजूक काम सतत येणाऱ्या संदेशाच्या पाठीवर लादलं, की ते काम नेमकं गर्दीतच करावं लागतं. मला या प्रकरणातला मूळ दोष इथे दिसतो. पुढची प्रोग्रामची चूक या जागी होती म्हणून एवढी महागात पडली.

ब्रेक

डिसेंबर १९८९ च्या मध्यावर सगळ्या फोर-ईएसएसवर नवं सॉफ्टवेअर चढवलं होतं. हेतू चांगला होता: मुख्य सिग्नलिंग नेटवर्कमध्ये अडचण आली तर एक्सचेंजला राखीव नेटवर्कवर अधिक वेगाने जाता यावं. प्रोग्राम सी भाषेत लिहिलेला होता. आलेला संदेश कोणत्या प्रकारचा आहे हे पाहून योग्य शाखेत जाणारा एक 'स्विच', त्याच्या आत 'पाठवणाऱ्यावर बंदची खूण आहे का' असं विचारणारा 'इफ', त्याच्या आत आणखी एक 'इफ': तक्त्याकडे निरोप नेणारा बफर, म्हणजे निरोप तात्पुरता ठेवायची जागा, मोकळा आहे का? मोकळा असेल तर 'न्यूयॉर्क चालू झालं' असं तक्त्याला कळवा. नसेल, म्हणजे आधीच्या संदेशाचं काम अजून चालू असेल, तर ते सोडून द्या आणि संदेशावरची पुढची प्रक्रिया करा.

'सोडून द्या' हे सांगायला 'एल्स'च्या, म्हणजे 'नसेल तर'च्या, खाली लिहिलं होतं 'ब्रेक'. लिहिणाऱ्याला आतल्या 'इफ'मधून बाहेर पडायचं होतं. सी भाषेत 'ब्रेक' 'इफ'मधून बाहेर काढत नाही, ते 'स्विच'मधूनच बाहेर काढतं. त्यामुळे 'इफ'नंतरची, 'स्विच'च्या आतली पुढची पायरी गाळली गेली. ती पायरी होती: आलेला संदेश उलगडा आणि त्याच्या ऐच्छिक भागाकडे बोट दाखवणारे पॉइंटर बसवा.

ऐच्छिक भाग म्हणजे काय ते सांगायला हवं. एसएस७ च्या कॉल संदेशाचे तीन भाग असतात. काही माहिती सक्तीची आणि ठराविक लांबीची. काही सक्तीची पण कमी-जास्त लांबीची, उदाहरणार्थ फोन केलेला नंबर. आणि शेवटी ऐच्छिक माहिती, जसं की फोन करणाऱ्याचा नंबर. ती असेलच असं नाही. ती कुठे सुरू होते हे संदेशातलाच एक पॉइंटर सांगतो. ती नसेल तर तिथे शून्य. संदेश आटोपशीर ठेवण्याची ही सुटसुटीत युक्ती आहे. पण तिची एक पूर्वअट आहे: आधी पॉइंटर वाचायचा, मग त्या जागी हात घालायचा.

'ब्रेक'ने प्रोग्राम बाहेर फेकला गेला तो थेट ऐच्छिक भागाचं काम करणाऱ्या ओळींवर. पॉइंटर बसवलेलेच नव्हते. हात पडला तो भलत्याच जागी आणि तिथली माहिती पुसली गेली. फोर-ईएसएस स्वतःच्या मेमरीची सतत तपासणी करत असे. बिघाड लगेच सापडला आणि डीएलएनला नव्याने सुरू करण्यासाठी बाजूला काढलं गेलं. जोडीदार डीएलएनने भार घेतला. त्याच्यावर तेच सॉफ्टवेअर होतं. संदेशांची आणखी एक जोडी तितक्याच जवळून आली की तोही गेला, आणि ते एक्सचेंज सिग्नलिंगपासून पूर्ण तुटलं. जोडीने यंत्रं बसवण्याचा उपयोग एकाचा पुर्जा निकामी झाला तर होतो. दोघांच्या डोक्यात एकच चूक असेल तर होत नाही.

शंभरात चार

हे सगळं व्हायला न्यूयॉर्कहून दोन आयएएम एकाच शेजाऱ्याकडे एक शतांश सेकंदाच्या आत यायला हवे होते, आणि तेही तक्ता बदलला जात असतानाच्या काही सेकंदांत. ऐकायला दुर्मीळ योग वाटतो. जरा हिशेब करून पाहू.

५६ हजार बिटच्या लिंकवर शतांश सेकंदात ७० बाइट जातात. आयएएम साधारण तेवढ्याच किंवा त्याहून थोड्या कमी आकाराचा असतो. म्हणजे एका लिंकवर एकाला लागून एक आलेले दोन आयएएम पुरेसे होते.

फोर-ईएसएसची क्षमता तासाला सात लाख कॉलपर्यंतची सांगितली जाते. म्हणजे सेकंदाला दोनशेच्या जवळ. त्यातले निम्मे, शंभर, बाहेर जाणारे धरले आणि ते ११३ शेजाऱ्यांत सारखे वाटले तर एका शेजाऱ्याकडे सेकंदाला सुमारे एक आयएएम जातो. तो पूर्ण यदृच्छेने येत असेल तर दोन आयएएम शतांश सेकंदाच्या आत सापडण्याची शक्यता दर सेकंदाला एक टक्क्याच्या थोडी खाली येते. कमकुवत काळ पाच सेकंदांचा धरला तर शंभरात चार. हा माझा कच्चा हिशेब आहे. खऱ्या नेटवर्कमध्ये न्यूयॉर्क-शिकागोसारख्या वाटांवर गर्दी कितीतरी जास्त असणार, सावरून परतलेल्या यंत्राकडे तुंबलेले कॉल एकदम सुटणार. उलट बाजूने, एक्सचेंज पूर्ण तुटायला एका जोडीने भागत नव्हतं, दुसरीही लागत होती, आणि सुट्टीचा दिवस होता. आकडा पुढे-मागे होईल. पण एका शेजाऱ्यामागे शंभरात चार आणि शेजारी ११३ म्हटल्यावर, दर वेळी चार-पाच जणांना फटका बसतो.

आणि फटका बसलेला प्रत्येक जण सावरून परततो, म्हणजे आपल्या ११३ शेजाऱ्यांसाठी तो आता न्यूयॉर्क बनतो. त्यांच्यात पहिलं न्यूयॉर्कही आलं. साथीच्या रोगाचं गणित हेच असतं: एका रुग्णामागे सरासरी एकाहून जास्त नवे रुग्ण असले तर साथ विझत नाही. इथे तर बरा झालेला लगेच पुन्हा आजारी पडू शकत होता. एकही यंत्र कायमचं बिघडलेलं नव्हतं, प्रत्येक जण काही सेकंदांत बरा होत होता. बरं होणं हीच इतरांना पाडण्याची कृती होती.

प्रयोगशाळेतल्या चाचण्यांत हे का सापडलं नाही याचं उत्तरही यातच आहे. दोन-चार यंत्रांच्या मांडणीत शंभरात चारची घटना घडलीच तरी ती एकदा घडून विझते. ११४ यंत्रांच्या जाळ्यात ती विझत नाही. डिसेंबरच्या मध्यापासून जवळजवळ महिनाभर हेच सॉफ्टवेअर देशभर विनातक्रार चाललं होतं हेही विसरू नये.

नऊ तास

अभियंत्यांनी आधी सिग्नलिंग नेटवर्क पूर्ववत करण्याचे नेहमीचे उपाय केले. यापूर्वी ते पुरले होते, या वेळी पुरले नाहीत. इलिनॉय, ओहायो आणि न्यू जर्सीतल्या बेल लॅब्जच्या, म्हणजे कंपनीच्या संशोधन शाखेच्या, लोकांनी मदतीला हात लावला. कारण माहीत नव्हतं, त्यामुळे कोणत्या एक्सचेंजमधून कोणते संदेश जातायत हे पाहत अंदाज बांधायचा एवढंच हातात होतं. 'बिघडलेलं यंत्र शोधा' या सवयीचा इथे उपयोग नव्हता. बघावं ते यंत्र तपासेपर्यंत ठणठणीत झालेलं असे.

शेवटी ज्याने नेटवर्क स्थिरावलं तो उपाय म्हणजे राखीव लिंकवरची सिग्नलिंग वाहतूक तात्पुरती थांबवणं. त्यामुळे डीएलएनवर येणाऱ्या संदेशांचा भार घटला. वरच्या हिशेबाकडे पुन्हा पाहिलं तर हे का लागू पडलं ते कळतं. लागोपाठच्या जोड्यांची संख्या संदेशांच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. संदेश निम्मे झाले की घातक जोड्या पाव उरतात. एका रुग्णामागे चार नवे रुग्ण असतील तर तिथे एकच उरतो आणि साथ विझण्याच्या काठावर येते. रात्र चढत गेली तसे कॉलही कमी झाले असणार, त्याचीही मदत. साडेअकराला शेवटची लिंक मोकळी झाली. डिसेंबरमध्ये राखीव नेटवर्कवर वेगाने जाता यावं म्हणून सॉफ्टवेअर बदललं होतं, आणि जानेवारीत नेटवर्क वाचलं ते राखीव लिंक बंद करून.

फोन करणाऱ्यांना त्या दुपारी ऐकू येत होतं की सर्व सर्किटं व्यस्त आहेत. 'या मार्गावरील सर्व लाइन्स व्यस्त आहेत' हे आपल्याही कानांनी वर्षानुवर्षं ऐकलं आहे आणि ते बहुधा खरं असे. एटी अँड टीच्या ट्रंका मात्र त्या दिवशी मोठ्या प्रमाणात रिकाम्या पडल्या होत्या. त्या मागणारा आयएएम पलीकडे पोचत नव्हता. स्थानिक कॉल नेहमीसारखे लागत होते, कारण १ जानेवारी १९८४ ला बेल सिस्टिमचे, म्हणजे एटी अँड टीच्या जुन्या एकत्रित फोन साम्राज्याचे, तुकडे झाल्यापासून ते वेगळ्या कंपन्यांकडे होते. ज्यांना माहीत होतं ते नंबरच्या आधी १०२२२ फिरवून एमसीआयवरून किंवा १०३३३ फिरवून स्प्रिंटवरून कॉल करू शकत होते. विविधतेचा फायदा इतका रोकडा क्वचित दिसतो: दोन्ही प्रतिस्पर्ध्यांकडे फोर-ईएसएस नव्हतं, त्यामुळे ती चूकही नव्हती.

मंगळवारी सगळ्या एक्सचेंजेसवरून नवं सॉफ्टवेअर काढून आधीचं परत चढवलं गेलं. मग नव्या प्रोग्रामची ओळ न् ओळ चाळली गेली, संशयित जागा सापडली आणि प्रयोगशाळेत तोच बिघाड मुद्दाम घडवून दाखवता आला. दुरुस्ती छोटी होती. ती तपासून झाल्यावर राखीव लिंक पुन्हा जोडल्या गेल्या.

पुढच्याच वर्षी, जून-जुलै १९९१ मध्ये, वॉशिंग्टन, लॉस एंजेलिस, पिट्सबर्ग अशा ठिकाणी स्थानिक कंपन्यांचे फोन पडले. तिथे एक्सचेंजेस शाबूत होती, सिग्नल ट्रान्सफर पॉइंट गर्दीच्या निरोपांनी गुदमरले होते. यंत्रं दुसऱ्या उत्पादकाची आणि चूक वेगळी होती, पण तीही नुकत्याच केलेल्या एका छोट्या बदलातून आलेली. बदल इतका लहान होता की पूर्ण चाचणी पुन्हा घेण्याची गरज वाटली नव्हती.

एटी अँड टीने ग्राहकांची नाराजी दूर करायला त्यांना एक दिवस सवलतीच्या दरात कॉल देऊ केले. दिवस निवडला १४ फेब्रुवारी, व्हॅलेंटाइन्स डे. मोडलेल्या नेटवर्कची भरपाई म्हणून महिन्याभरात त्याच नेटवर्कवर मुद्दाम जास्त आयएएम ओढवून घ्यायचे, म्हणजे दुरुस्तीवर कंपनीचा पुरेसा विश्वास बसलेला असणार.